केळी आणि गोळीने अ‍ॅनोरेक्सिया बरा होत नाही

अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार, याबद्दल पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे मेंदूत सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडणं. त्याने भूक मरते. केळी द्या किंवा गोळी सुरू करा, मुलगी आपोआप जेवायला लागेल. यावर विसंबून मोलाचे महिने वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा बघू.

"सेरोटोनिन कमी पडतं म्हणून आजार होतो." वजन फार उतरलेल्या रुग्णांमध्ये सेरोटोनिनची पातळी घटल्याच्या खुणा सापडतात, हे खरं. पण सेरोटोनिन ज्या ट्रिप्टोफॅनपासून (प्रथिनांमधल्या एका घटकापासून) बनतं, ते शरीराला अन्नातूनच मिळतं. जेवण तुटलं की ते घटणारच. या आजाराचे अमेरिकी संशोधक वॉल्टर के यांना तर वजन भरून बराच काळ लोटलेल्या रुग्णांत याच खुणा उलट वाढलेल्या दिसल्या. मग नुसत्या कमतरतेने आजार कसा समजावणार?

उपासमार मनाचं काय करते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांच्या १९४४-४५ च्या मिनेसोटातल्या प्रयोगात दिसलं. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटावर रेंगाळू लागले, उदास आणि चिडचिडे झाले. आपल्याकडेही अशी मुलगी घरादारासाठी केक करते, रेसिपीचे व्हिडिओ बघत बसते आणि स्वतःच्या पोळीचे बारीक तुकडे करून ताटात फिरवत राहते. घरच्यांना तो हट्ट वाटतो. त्यात उपासमारीचा वाटा मोठा असतो.

"भूक मरते." या आजारात भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक रक्तात सहसा वाढलेलं असतं. भूक असते, पण वजन वाढण्याची भीती तिच्यावर मात करते.

केळ्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. केळं अन्न म्हणून जरूर द्या.

"गोळी सुरू करा." फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, नैराश्यावरच्या गोळीला खाण्याच्या आजारांपैकी अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली ती बुलिमियासाठी, म्हणजे अनावर खाऊन मग ते उलटी वगैरे करून काढून टाकण्याच्या आजारासाठी. अ‍ॅनोरेक्सियात वजन भरून आलेल्या ९३ जणींवरच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

इथे पहिलं औषध अन्नच आहे. मात्र फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घरी एकदम भरपेट खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट कोसळून हृदय धोक्यात येऊ शकतं. वजन झपाट्याने उतरलं असेल, पाळी थांबली असेल, चक्कर येत असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि आहार त्यांच्या देखरेखीखाली वाढवा.