संसदेने मंजूर केलंय म्हणून जनसुनावणीला जायचं नाही?

‘नेट झिरो हा संसदेने मंजूर केलेला कायदा आहे. पर्यावरणाचा प्रत्येक निर्णय संसदीय समिती तपासते. वन कायद्याला समितीने एकमताने मान्यता दिली. ईआयएचे नियमही संसदेनेच पास केलेत. त्यामुळे जनसुनावणीत प्रकल्पाला हरकत घेणं हा संसदेचा अवमान आहे, गुन्हा दाखल होऊ शकतो.’ खाली तिरंगा आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

हा मेसेज माझ्या मावशीच्या वाडीतल्या ग्रुपवर पोचलाय. तिथे जनसुनावणीची नोटीस लागली आहे, आणि मेसेज वाचून काही घरांनी ‘उगाच भानगड नको’ म्हणून जायचा बेत रद्द केलाय. म्हणून उलट्या क्रमाने, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. खरा घात त्या वाक्याने केलाय.

संसदेचे विशेषाधिकार घटनेच्या १०५ व्या कलमातून येतात. सभागृहाच्या कामात अडथळा आणणं, सदस्यांवर त्यांच्या सभागृहातल्या कामावरून हेत्वारोप करणं, समितीपुढच्या साक्षीदाराला धमकावणं, असे प्रकार विशेषाधिकारभंगात किंवा अवमानात मोडतात. अपर जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभं राहून ‘आमच्या विहिरींचं काय होणार’ असं विचारणं त्यात कुठल्या तर्काने बसवणार? एखाद्या कायद्यावर उघड टीका केली तरी अवमान होत नाही. आणि जनसुनावणी मुळात भरवली जाते ती हरकती नोंदवून घ्यायलाच.

आता ‘ईआयएचे नियम संसदेने पास केले’. ईआयए म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा आधी केलेला अभ्यास. त्याचे नियम संसदेने पास केलेले नाहीत. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा संसदेने केला, एवढं बरोबर. पण कोणत्या प्रकल्पाला मंजुरी लागेल, जनसुनावणी कशी घ्यायची, हे सगळं १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहे. ती पर्यावरण मंत्रालयाने त्या कायद्याच्या कलम ३ खाली काढली. तिच्यावर सभागृहात मतदान झालेलं नाही. त्यानंतर तिच्यात ज्या ढीगभर दुरुस्त्या झाल्या, त्याही मंत्रालयानेच केल्या. कोणत्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट द्यायची, हेही याच वाटेने ठरतं. रीतसर मसुदा काढला तर हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. पण ‘जनहितार्थ’ म्हणून ती पायरी गाळायची सोय पर्यावरण नियमांच्या नियम ५ (४) मध्येच आहे.

मेसेज लिहिणाऱ्याचा गोंधळ बहुधा कलम २६ मुळे झाला असावा. त्यानुसार या कायद्याखालचे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण ३० दिवस ठेवावे लागतात. दोन्ही सभागृहांनी मिळून ठरवलं तर ते बदलता किंवा रद्द करता येतात. पण तोवर त्या नियमाखाली जे होऊन गेलं ते वैधच राहतं. पटलावर ठेवणं म्हणजे ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद डकवण्यासारखं आहे. कागद लागला म्हणून ग्रामसभेचा ठराव झाला असं कोणी म्हणत नाही.

याच्याही खालची पायरी म्हणजे कार्यालयीन ज्ञापन, म्हणजे मंत्रालयाने काढलेलं साधं पत्रक. आधी बांधकाम आणि मागाहून पर्यावरण मंजुरी, ही वाट ७ जुलै २०२१ च्या अशाच एका ज्ञापनाने सोपी केली होती. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ ला ते रद्द केलं आणि नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. कोर्टात एवढी उलथापालथ झालेला हा कागद संसदेत कधी मताला टाकलेलाच नव्हता.

वन कायद्याचं ‘एकमत’ मात्र सरळसरळ थाप आहे. वन संवर्धन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक २९ मार्च २०२३ ला लोकसभेत आलं. पर्यावरण मंत्रालयाची स्थायी समिती राज्यसभेच्या अखत्यारीत येते आणि तेव्हा तिचे अध्यक्ष जयराम रमेश होते. तिला वगळून ३१ सदस्यांची वेगळी संयुक्त समिती नेमली. अध्यक्ष राजेंद्र अग्रवाल. तिने २० जुलैला अहवाल दिला. एकाही तरतुदीत बदल सुचवला नाही, आणि विरोधी खासदारांच्या असहमतीच्या टिपण्या त्याच अहवालाला जोडलेल्या आहेत. २६ जुलैला, मणिपूरवरून गदारोळ चालू असताना, लोकसभेने विधेयक मंजूर केलं. २ ऑगस्टला राज्यसभेने. सीमेपासून १०० किलोमीटरमधले सामरिक रस्त्यांसारखे रेषीय प्रकल्प, नक्षलग्रस्त भागात ५ हेक्टरपर्यंतचे सार्वजनिक सुविधांचे प्रकल्प, अशांना वन मंजुरीतून सवलती त्यात आहेत. गडचिरोलीकरांनी ही दुसरी सवलत जरूर वाचावी.

विधेयक समितीकडे गेलंच नाही असं कोणी म्हणत असेल तर तेही चूकच. गेलं, पण कुठल्या समितीकडे ते बघा. आणि त्या समितीने जनतेकडून लेखी सूचना-हरकती मागवल्या होत्या. संसदेची समितीच हरकती मागवते, मग गावकऱ्याने हरकत घेतली की अवमान कसा?

‘प्रत्येक निर्णय समिती तपासते’ याला उत्तर एका नियमात आहे. मंत्रालयाच्या दैनंदिन कारभारात लक्ष घालायला स्थायी समित्यांना कामकाजाचे नियमच मनाई करतात. त्या अनुदानाच्या मागण्या, वार्षिक अहवाल, धोरणं आणि पाठवलेली विधेयकं बघतात. तुमच्या गावच्या प्रकल्पाची फाइल त्यांच्यापुढे जात नाही. ती जाते तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे, आणि ती समिती सरकार नेमतं. शिवाय विधेयकंही किती पाठवली जातात? १५ व्या लोकसभेत ७१ टक्के, १७ व्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे वेगळंच.

राहिला नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घेण्याचं उद्दिष्ट. २०७० चं उद्दिष्ट पंतप्रधानांनी १ नोव्हेंबर २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने २०३० ची सुधारित उद्दिष्टं मंजूर केली. संसदेने नव्हे. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत हवामान बदलावर नियम १९३ खाली चर्चा झाली, पण त्या नियमाखाली मतदान नसतंच. ब्रिटनमध्ये हे उद्दिष्ट कायद्यात आहे. आपल्याकडे हवामान बदलासाठी एक समग्र कायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ च्या माळढोक पक्ष्याच्या प्रकरणातही नोंदवलंय. मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच, की कार्बन क्रेडिट व्यापाराची (उत्सर्जन कमी केल्याच्या प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीची) तरतूद ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने खरोखर संसदेतून आली. विधेयक ३ ऑगस्टला मांडलं आणि ८ ऑगस्टला लोकसभेत मंजूर. पाच दिवसांत काय छाननी झाली असेल ते झाली.

आता ज्यांच्या गावात सुनावणी आहे त्यांच्यासाठी. २००६ च्या अधिसूचनेचं परिशिष्ट ४ छापून जवळ ठेवा. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही, की जनसुनावणीला गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही. तुम्ही घरी बसलात म्हणून ती रद्द होत नाही; आठ माणसांत उरकली तरी कागदोपत्री पूर्ण झाली. या मेसेजचा फायदा कोणाला होतो ते यावरून ओळखा.

नोटीस किमान ३० दिवस आधीची हवी. ईआयए अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळतो; सारांश मराठीतही असावा लागतो. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच बोललात तर इतिवृत्तात एक ओळ पडते आणि विषय संपतो. त्याऐवजी अहवालाचं पान सांगा आणि नेमका प्रश्न विचारा: पाण्याचे नमुने कुठल्या महिन्यात घेतले, १० किलोमीटरच्या परिघातले कुठले झरे नकाशात नाहीत, राख किंवा गाळ कुठे टाकणार. अशा प्रत्येक ठोस मुद्द्यावर कंपनीला लेखी खुलासा द्यावा लागतो आणि तो इतिवृत्ताला जोडला जातो. हेच लेखीही द्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात, दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन.

अध्यक्षस्थानी अपर जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालचा अधिकारी बसला असेल तर तिथेच हरकत नोंदवा. चित्रीकरण सक्तीचं आहे, ते चालू आहे का बघा. कार्यक्रमाच्या शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो आणि त्यावर त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही व्हावी लागते. बहुतेक लोक जेवणाच्या वेळेला उठून जातात आणि नेमका हाच भाग चुकतो. वाचन होईपर्यंत थांबा. तुमचा मुद्दा गाळला असेल तर सही व्हायच्या आधी उभं राहून सांगा.