मेडल अजून माझ्याच कपाटात आहे

आज सकाळी सातला ग्रुपवर मेसेज: "पुढच्या वर्षी पाहुणा मोठा आणूया, म्हणजे बॅनरपण मोठा लावता येईल." खाली अकरा अंगठे. चहा घेत होतो, कप बाजूला ठेवला आणि म्हटलं, आता लिहितोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गेल्या शनिवारी आम्ही सांगलीत आमच्या तालमीत पकडीची स्पर्धा घेतली. पंजा लढवायची नव्हे. नुसत्या मुठीच्या ताकदीची. आयुष्यात पहिल्यांदाच. "हात दाबायची कसली स्पर्धा रे?" हे महिनाभर ऐकलं. तुम्हाला सांगायला नकोच, कुस्तीत मनगट धरता आलं नाही तर पुढचे डाव राहतात पुस्तकात.

तयारीतच निम्मा जीव गेला. जाड बार विकत आणायला पैसे नाहीत म्हणून सेंट्रिंगवाल्याकडून दीड इंची पाईप आणला. तो बाहेरून 48 मिमी भरतो. जिमचा बार 28-29 चा. एवढ्या फरकानं अंगठा बोटांवर बसत नाही आणि दीडशे किलो ओढणारी पोरं शंभरला पाईप सोडून देतात. प्लेटा जिममधनं उसन्या आणल्या, भंगारवाल्याच्या काट्यावर घातल्या, तर 15 ची प्लेट 14 किलो 600 ग्रॅम! मग प्रत्येक प्लेटवर खडूनं खरं वजन लिहीत बसलो.

ग्रिपरचा, म्हणजे मुठीत दाबायच्या स्प्रिंगवाल्या दोन दांड्यांचा, नियम बाहेरच्या देशातनं उचलला. दाबायला सुरुवात करताना दोन दांड्यांमध्ये एटीएम कार्डाच्या रुंदीएवढं अंतर पाहिजे, त्याच्या आत दुसऱ्या हातानं ढकलून आणायचं नाही. कार्ड माझंच. दिवसभर कुणीतरी पिन विचारतच होतं.

चुका केल्या. जाड पाईप पहिला ठेवला, त्यात सगळ्यांचे हात सोलले, आणि मग ग्रिपर. नंबर वाढेल तसा ग्रिपर कडक: दोन नंबरचा 195 पौंडांचा, तीन नंबरचा थेट 280, मध्ये आमच्याकडं काहीच नाही. दोनवरच निम्मी पोरं अडकली, तीनच्या दांड्या कुणी एकमेकींना टेकवू शकलं नाही. निकाल कसा लावायचा यावर पाऊण तास वाद. हे सगळं मान्य. हे शिकता येतं.

पण मामांचं काय?

मामा मार्केट यार्डात हमाल. पन्नाशी ओलांडलेले. पोरानं नाव घातलं म्हणून आले, आल्या आल्या विचारलं, "चारला गाडी लागणार हाय. त्याआधी हुतंय न्हवं?" मी म्हटलं, होतंय मामा, तीनला संपतंय सगळं. शब्द मी दिला होता. हे लक्षात ठेवा.

ग्रिपर मामांना जमला नाही. हसले आणि खाली ठेवला. मग आली चिमटीची पाळी. दोन प्लेटा गुळगुळीत बाजू बाहेर करून एकमेकींना चिकटवायच्या, भोकातनं नळी घालून तिच्यावर बारकी वजनं चढवायची आणि एका हाताच्या चिमटीत उचलायचं. यात सगळा खेळ अंगठ्याचा. मनगटाला पट्टे बांधून डेडलिफ्ट मारणाऱ्यांचा, म्हणजे जमिनीवरनं बार ओढणाऱ्यांचा, अंगठा कधी कामालाच लागलेला नसतो, 30 ला सगळे गार. मामांनी चॉक, म्हणजे हात घसरू नये म्हणून लावायची पांढरी पूड, घेतला नाही. कुस्तीच्या हौद्यातली चिमूटभर तांबडी माती घेतली, तळव्यात चोळली आणि 35 उचललं. मग साडेसदतीस. जन्मभर पोत्याचे कान धरून उचललेला हात तो. पोरं शिट्ट्या मारायला लागली. राहिलं होतं 40.

आणि तेवढ्यात फोन: पाहुणे निघालेत, पाच मिनिटांत येतायत, त्यांच्यासमोर घ्या.

थांबवली आम्ही स्पर्धा. एक तास वीस मिनिटं. शेवटची उचल राहिलेला माणूस बाकड्यावर बसलेला, हात गार पडलेले, आणि आम्ही माईक चेक करतोय. स्पर्धा उचलणाऱ्यांसाठी असते की खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी, एवढं साधं कळत नाही आपल्याला? शाल, श्रीफळ, सत्कार, सत्काराचा सत्कार! प्रास्ताविकाला अठरा मिनिटं आणि प्रत्येक उचलीला एक मिनिट, हे आमचं वेळापत्रक. संताप येतो.

हो, पाहुण्यांनी पाच हजार दिले. मेडलं त्यातनंच आली. ठीक आहे, नाकारत नाही.

कुणीतरी म्हणेल, मग तू का नाही बोललास? तेच तर. सकाळपासून ग्रुपवर चिडतोय, पण शाल हातात घेऊन गेटवर उभा कोण होता? मी. मामा तीनदा आले माझ्याकडं. "साहेब, जाऊ का?" तिन्ही वेळा मी म्हटलं, पाचच मिनिटं मामा. चौथ्यांदा विचारायला आले नाहीत. चप्पल घातली, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. दारातनं वळून एवढंच म्हणाले, "चाळीस कुणी उचललं तर सांगा."

कुणीच उचललं नाही. साडेसदतीसवर पहिला नंबर मामांचाच. नाव पुकारलं तेव्हा पोरगा पण नव्हता. पाहुण्यांनी विचारलं, कुठाय विजेता? आम्ही सगळे हसलो. का हसलो कुणास ठाऊक.

मंगळवारी मेडल खिशात घालून यार्डात गेलो होतो. मामा गाडीवर होते, पाठीवर पोतं. हाक मारली नाही, परत आलो. नुसतं मेडल काय द्यायचं? त्यांनी मेडल मागितलंच नव्हतं.

असो. मोठा पाहुणा आणायचा असेल त्यांनी खुशाल आणावा, माझं नाव संयोजकांतनं काढा.

आज संध्याकाळी प्लेटा आणि नळी स्कूटीवर घालून यार्डात जातोय. गाडी उतरून होईपर्यंत थांबणार, कितीही वाजू देत. कुणाला यायचं असेल तर सहानंतर गेटवर या. चॉक आणू नका. हौद्यातली माती मी डब्यात भरून घेतलीय.