चौथ्या सीटवरचं मोकळं मन

काल सकाळी बदलापूर फास्टमध्ये एका अनोळखी माणसाने मला परस्पर त्याच्या पक्षात घेतलं. मी नाही म्हणालो नाही. म्हणायला तोंड रिकामं नव्हतं.

मूळ दोष लेकीचा. रविवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझी आणि मेव्हण्याची जुंपली, मेव्हणा ग्रुप सोडून गेला, आणि लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही समोरच्याचं ऐकूनच घेत नाही. उत्तर आधीच टाइप करून ठेवलेलं असतं." बायको काही बोलली नाही, फक्त कुकरची शिट्टी जरा जोरात बसवली. म्हटलं ठीक आहे. आता जो पहिला भेटेल त्याचं मोकळ्या मनाने ऐकतो.

पहिले भेटले ते सुपारीकाका.

लोकलचा बाक तिघांचा. त्यावर चौथा बसतो तो तिघांच्या मेहेरबानीवर. एक मांडी बाकावर, दुसरी हवेत, आणि तोल सांभाळायला एक पाय वाटेत रोवलेला. फर्स्ट क्लासचा पास असो की सेकंडचा, चौथ्या सीटवर कसलाही हक्क नसतो. तिसऱ्याला वाटलं तर तो दोन बोटं सरकतो, नाही वाटलं तर "जागा नाही" म्हणून डोळे मिटतो. डोंबिवलीला चढणाऱ्याला तर चौथी मिळणं म्हणजे घरात काहीतरी पुण्य झालेलं असणं. काल काका सरकले. मी टेकलो. आणि टेकल्या क्षणी माझं मतस्वातंत्र्य संपलं, हे मला ठाण्यापर्यंत कळलं नाही.

काकांच्या हातात एक छोटा पितळी अडकित्ता होता, मोराच्या घाटाचा. मोराची मान माझ्या नाकाच्या दिशेने. दर वाक्याच्या शेवटी पूर्णविराम म्हणून एक सुपारी कातरली जायची.

"पेपरवाले? सगळे सुपारी घेऊन लिहितात." कट्.

"चॅनेलवाले? त्यांची तर घाऊक सुपारी." कट्.

"घ्या." आणि माझ्या तळहातावर सुपारीचं खांड. "श्रीवर्धनची रोठा आहे, घ्या हो!"

मी घेतली. चौथ्या सीटवरचा माणूस दिलेली सुपारी नाकारत नाही.

मग काका मतदान यंत्रावर आले. "बटण दाबलं की काचेआड चिठ्ठी दिसते. किती वेळ? सात सेकंद म्हणतात. मी मोजले. सहा!" कट्. "सातवा सेकंद कुठे गेला?"

मोकळं मन, मोकळं मन, असं मी आत जपत होतो. खरं तर तोंडाशी आलं होतं की केंद्रात मोबाइल नेऊ देत नाहीत, तुम्ही मोजलेत कशाने? पण मेव्हण्याला मी नेमका असाच प्रश्न विचारला होता आणि तो ग्रुप सोडून गेला होता. इथे सोडून जायची पाळी माझ्यावर आली असती. तेव्हा मी सातव्या सेकंदाचा मनापासून विचार केला. खरंच, कुठे जात असेल?

इथे पूर्वी एक सोय होती. दिवा आणि ठाण्याच्या मधे पारसिकचा बोगदा होता. म्हणजे अजूनही आहे, 1916 सालापासून आहे. गाडी आत शिरली की असा धडधडाट व्हायचा की भजनी मंडळसुद्धा टाळ खाली ठेवायचं. सासूबद्दलची तक्रार असो की सरकारबद्दलची, मधे सक्तीचा विराम. पलीकडे बाहेर पडेपर्यंत बोलणारा मुद्दा विसरलेला असायचा. किती भांडणं त्या डोंगराने गिळली असतील! 2022 साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि आमच्या फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने उजेडातून जाऊ लागल्या. प्रगती झाली, मान्य आहे. पण काकांना आता डोंबिवली ते ठाणे एक क्षणही थांबावं लागत नाही, ही त्या प्रगतीची किंमत कोणी हिशेबात धरली नाही.

ठाण्याच्या आधी गाडी रूळ बदलते. चौथ्या सीटवरच्या माणसाची मान तेव्हा स्वतःच्या ताब्यात नसते. काका नेमके त्याच वेळी म्हणाले, "ह्या राज्याला ह्या लोकांनी धुऊन खाल्लं की नाही?" आणि माझी मान खाली-वर, खाली-वर, पाच वेळा, अगदी जोरात हलली.

काका हरखले. समोरच्या बाकावरच्या त्यांच्या ग्रुपला म्हणाले, "बघा, ह्यांना पटतंय. शिकलेला माणूस आहे."

ती मान मध्य रेल्वेने हलवली होती. पण हे सांगायचं कसं?

एक सांगतो, मोकळ्या मनाने ऐकताना सगळ्यात जास्त त्रास त्यांच्या मतांचा झाला नाही. त्यांची वाक्यं ओळखीची निघाली, त्याचा झाला. 2024 च्या जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला, राज्यातल्या 48 पैकी 30 जागा एका बाजूला गेल्या. तेव्हा आम्हा दोघांपैकी एक जण म्हणत होता की जनता सुज्ञ आहे, आणि दुसरा म्हणत होता की लोकांना कळत नाही. 23 नोव्हेंबरला विधानसभेच्या 288 पैकी 230 दुसऱ्या बाजूला गेल्या, आणि आम्ही आपापली वाक्यं एकमेकांना देऊन टाकली. साडेपाच महिन्यांत तीच जनता, तेच बूथ. काका बोलत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता, फक्त मधे सुपारी कातरली जात होती.

आणि मेव्हणा! त्याच्याशी मी 2019 पासून धड बोललेलो नाही. ज्या पुढाऱ्यासाठी बोलत नाही, तो पुढारी दरम्यान मेव्हण्याच्या पुढाऱ्याशेजारी मंत्रिमंडळात जाऊन बसला. शपथविधीला दोघं एकमेकांना पेढा भरवताना टीव्हीवर दिसले. आम्हाला कोणी कळवलं नाही. भाच्याच्या मुंजीला मी दहा मिनिटं तोंड दाखवून जेवल्याशिवाय परतलो होतो, ते जेवण आता कोण देणार? मोकळं मन आम्ही ठेवायचं आणि मोकळं रान त्यांना! ह्याचा राग येतो, अजून येतो, आणि तो चौथ्या सीटवर एका मांडीवर बसून नीट काढताही येत नाही.

घाटकोपरला एक मुलगा आत घुसला. पाठीवर बॅग, कानात वायर. माझ्या गुडघ्याला गुडघा लावून उभा राहिला. त्याने काकांचं थोडं ऐकलं, कानातली वायर काढली आणि सरळ म्हणाला, "काका, काहीही काय बोलताय?" मग जे बोलला ते शब्द न शब्द माझं होतं. मुद्दे माझे, आकडे माझे, आवाजातली चीडसुद्धा माझी. बावीस वर्षं ह्या गाडीने जातोय, इतका माझा माणूस मला कधी भेटला नव्हता. मी त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो. तोंडात रोठा होती.

"हा बघा," काका माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "आजकालची पोरं. तुम्हीच सांगा ह्याला!"

गाडी कुर्ल्याला रूळ बदलत होती. माझी मान पुन्हा हलली.

त्या मुलाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी मेव्हण्याकडे पाहतो तसं पाहिलं.

दादर आलं. काकांनी अडकित्ता रुमालात गुंडाळला आणि उठता उठता म्हणाले, "साहेब, नंबर द्या तुमचा." दहाचे दहा आकडे मी माझ्या तोंडाने सांगितले, सुपारीच्या बाजूने. "ग्रुपवर घेतो. आपली माणसं आहेत सगळी." मग त्यांनी रिकाम्या झालेल्या जागेवर हाताने धूळ झटकली, मला आत सरकवलं आणि माझ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "आता चौथी कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा."

राज्यमंत्र्याचा कॅबिनेट मंत्री झाल्यासारखं वाटलं. दोन्ही मांड्या बाकावर. मी अर्थातच त्या मुलाकडे वळलो, दोन बोटं काय, चांगला चार बोटं सरकलो आणि बाकावर हात आपटून त्याला खुणावलं, बस.

"नको काका," तो म्हणाला. "तुमच्या लोकांचे उपकार नकोत." आणि वायर परत कानात घातली.

त्याला सगळं समजावून सांगायचं होतं. पण रोठा सुपारी भायखळ्यापर्यंत विरघळत नाही. तो सीएसएमटीपर्यंत उभा राहिला. चौथी सीट रिकामी. इतक्या गर्दीत माझ्या शेजारी एक रिकामी जागा, आणि बाकावरचे बाकीचे दोघे माझ्याकडे असे बघत होते की ह्याला नक्की काय झालंय.

खिशात फोन थरथरला. ग्रुपवर काकांनी माझं स्वागत केलं होतं, खाली गुलाबाचं फूल. खाली सदस्यांची यादी होती, त्यात वरून तिसरा मेव्हणा.