पीएच.डी.च्या प्रवेशात प्रश्न कुठे आहे?

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी विद्यापीठांच्या स्वतंत्र चाचण्यांऐवजी नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण ग्राह्य धरता येतील, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले आणि महाराष्ट्रातल्या माझ्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींमध्ये जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. एका बाजूचे म्हणणे असे की प्रत्येक विद्यापीठाची ‘पेट’ (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) वेगळी, तारखांचा भरवसा नाही, निकाल लांबतात आणि मुलाखतीत ओळखीपाळखी चालतात. त्यापेक्षा देशभर एकच परीक्षा असलेली बरी. दुसरी बाजू १८ जून २०२४ रोजी झालेल्या आणि दुसऱ्याच दिवशी रद्द केलेल्या नेटचा दाखला देते आणि विचारते की लाखो उमेदवारांचे वर्ष एकाच यंत्रणेच्या हाती का द्यावे. मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठात शैक्षणिक मानसशास्त्र, म्हणजे माणसे कशी शिकतात याचा अभ्यास, शिकवते आणि दर हिवाळ्यात विभागाच्या प्रवेश समितीत बसून अर्ज वाचते. त्यांत भारतातून आलेले अर्जही असतात. तिथून पाहताना मला दोन्ही बाजूंच्या बोलण्यात काही तथ्य दिसते, पण उमेदवाराला नेमके काय शोधायचे आहे हे त्याला कुणी आणि कोणत्या टप्प्यावर विचारायचे, याविषयी दोघेही फारसे बोलत नाहीत.

नेटमध्ये तीन तासांत दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. शैक्षणिक मानसशास्त्र असा स्वतंत्र विषय तिथे नाही, त्यामुळे या वाटेने जाऊ पाहणारा विद्यार्थी मानसशास्त्र तरी घेतो किंवा शिक्षणशास्त्र तरी. ज्यांना फेलोशिप मिळत नाही आणि जे केवळ प्रवेशापुरते पात्र ठरतात, त्यांच्यासाठी नेटच्या गुणांना सत्तर टक्के आणि मुलाखतीला तीस टक्के भार आहे. मुलाखतीत संशोधनाचा विषय मांडायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण तोवर चाळणी होऊन गेलेली असते, आणि ज्याने मुलांच्या विकासाचे अभ्यासक पियाजे आणि वायगॉट्स्की यांच्या सिद्धांतांच्या जोड्या अचूक लावल्या पण वर्गातल्या एकाही मुलाकडे कधी निरखून पाहिले नाही, असा उमेदवार त्या चाळणीतून सहज पुढे गेलेला असतो.

इकडे अमेरिकेत अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. गुणपत्रके, तीन शिफारसपत्रे, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि ज्याला आपल्याकडे सगळे ‘एसओपी’ म्हणतात ते दोन पानी निवेदन एवढा ऐवज पाठवायचा असतो. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा २०२० नंतर पुष्कळ विभागांनी ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. समितीत सर्वाधिक वेळ जातो तो त्या दोन पानांवर. एका वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या एका उमेदवाराचा अर्ज आला होता. पहिल्याच परिच्छेदात त्याने ५२ वजा २७ हे गणित लिहिले होते आणि तिसरीतल्या एका मुलाने त्याचे उत्तर ३५ काढले, हे सांगितले होते. पुढे त्याच मुलाची आणखी काही गणिते होती, आणि निष्कर्ष असा की मूल निष्काळजी नाही. प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा नियम त्याने स्वतः बसवला आहे आणि तो इमानाने पाळतो आहे. वजाबाकीतल्या चुका अशा नियमांनी घडतात हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली सविस्तर दाखवले होते. अर्जात त्यांचा उल्लेख नव्हता, कदाचित ते त्याच्या वाचनात आलेही नसतील. पण हातच्याची चूक पाहून थांबायचे आणि तिच्यामागचा विचार शोधायचा, हे या विषयाचे मूळ काम तो माणूस आधीपासून करत होता. त्याचे गुण मध्यम होते. आम्ही त्याला मुलाखतीला बोलावले ते त्या परिच्छेदामुळे.

बहुतेक अर्ज असे नसतात, हेही सांगायला हवे. ‘लहानपणापासून मला मानवी मनाचे कुतूहल होते’ अशी सुरुवात मी इतक्यांदा वाचली आहे की ती वाक्ये परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांच्या एकाच साच्यातून आली असावीत असे वाटते. शिफारसपत्रांची स्थिती त्याहून वाईट आहे. इथल्या फॉर्मवर एक तक्ता असतो. विद्यार्थी आपण शिकवलेल्यांपैकी वरच्या किती टक्क्यांत येतो ते त्यात नोंदवायचे असते. आपल्याकडून येणाऱ्या पत्रांत सगळ्या रकान्यांत सर्वोच्च खूण असते आणि खाली मजकूर असतो की विद्यार्थिनी प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक आहे. ते पत्र पुष्कळदा तिनेच लिहिलेले असते आणि सरांनी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर सही केलेली असते. यात तिचा दोष मी मानत नाही. ऐंशी-शंभर जणांच्या वर्गाला शिकवणाऱ्या, वर निवडणुकीचे आणि नॅकचे (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे) काम अंगावर असलेल्या प्राध्यापकाला एका विद्यार्थिनीच्या विचाराविषयी दोन पाने लिहिण्याइतकी तिची ओळख कशी व्हावी? मात्र दिल्लीतल्या किंवा बंगळुरूतल्या खासगी विद्यापीठातून येणारी पत्रे अशी ओळख दाखवणारी असतात, आणि समितीवर त्यांचा परिणाम होतो. म्हणून ‘अमेरिकेसारखी पद्धत आणा’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. ज्याच्या ओळखी मोठ्या, ज्याला अर्जाआधी प्राध्यापकाला ई-मेल करायचा असतो हे कुणीतरी सांगितले, ज्याच्या खिशात आठ-दहा विद्यापीठांची अर्जशुल्के डॉलरमध्ये भरायला पैसे आहेत, त्यालाच ही पद्धत अधिक मानवते. एकसारख्या लेखी परीक्षेचा आग्रह धरणारे माझे मित्र जेव्हा म्हणतात की खेड्यातल्या मुलाला निदान प्रश्नपत्रिका तरी शहरातल्या मुलाचीच मिळते, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला वजन आहे.

अर्ज करणाऱ्यांना मी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते, कारण त्यातली गफलत महागात पडते. शैक्षणिक मानसशास्त्रातली पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. अध्ययन, प्रेरणा, मापन यांवर काम करण्यासाठी ती असते आणि तिने शाळेत मुलांना तपासण्याचा परवाना मिळत नाही. तो परवाना हवा असेल तर इथे ‘स्कूल सायकॉलॉजी’ हा वेगळा अभ्यासक्रम आहे, साधारण तीन वर्षांचा, शेवटी किमान १२०० तासांच्या इंटर्नशिपचा. इंग्लंडमध्ये ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ ही कायद्याने राखीव उपाधी आहे, तिच्यासाठी तीन वर्षांची डॉक्टरेट लागते, आणि तिथल्या सरकारी खर्चाच्या जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी नसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये शाळांत समुपदेशक हवेत असे म्हटल्यापासून जी मुले या विषयाकडे वळली आहेत, त्यांतल्या अनेकांना मायदेशातच समुपदेशनाचे काम करायचे आहे. त्यांनी एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका किंवा आपल्याच विद्यापीठातली एम.ए. पाहावी, त्यासाठी कर्ज काढून इकडे येण्याची गरज नाही.

आणि इकडची जमीनही आता पूर्वीसारखी घट्ट नाही. शैक्षणिक संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस’ची डझनावारी कंत्राटे फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाली आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीपासून विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबले होते. अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. भारतातल्या चांगल्या विद्यार्थ्याला ‘ये’ म्हणताना आज मला दोनदा विचार करावा लागतो, आणि म्हणूनच घरचा प्रवेश कसा होतो याविषयी मला अधिकच तळमळ वाटते.

या विषयाची आपल्याकडची परंपरा काही कमी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या परिसरात वारली मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे मुले गुरे चारतात तिथेच भरणारी शाळा, चालवली, तीच मुळी मुले कुठे आणि कशी वेळ घालवतात हे पाहून. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमत्तेच्या मानसशास्त्रीय अभ्यासाच्या पायावर. प्रश्नही आपल्या अंगणातच आहेत. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले आणि त्यावर विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. यातल्या कोणत्या वाचनाने मुले स्थानिक किंमत लवकर समजतात, आकडे उलटे लिहिण्याची चूक कुठे कमी होते, हे दोन तालुक्यांतल्या शाळांत वर्षभर पाहून तपासता येण्यासारखे आहे. एखादी प्राथमिक शिक्षिका हा प्रश्न घेऊन विद्यापीठात आली, तर आजच्या अर्जात तो लिहायला जागा नाही.

ती जागा द्यायला नेट रद्द करावी लागत नाही. नेटचे गुण किमान पात्रतेपुरते ठेवावेत. त्यानंतर प्रत्येक पात्र उमेदवाराकडून, मराठीत किंवा इंग्रजीत, दोन पाने मागवावीत: मुलांमध्ये काय पाहिले आणि काय तपासायचे आहे. ती पाने नाव, आडनाव आणि महाविद्यालय झाकून, दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाने तरी वाचावीत आणि मुलाखतीआधी गुण द्यावेत. शिफारसपत्रे मुळीच मागू नयेत. विद्यापीठे मार्गदर्शकनिहाय रिक्त जागांची यादी लावतातच. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी ही मर्यादा २०२२ च्या नियमांत आहे. त्या यादीत प्रत्येक नावापुढे मार्गदर्शक सध्या कशावर काम करतो याची चार ओळी माहिती असावी, म्हणजे उमेदवाराला नुसती रिकामी जागा नव्हे, आपल्या प्रश्नाचा माणूस शोधता येईल. आणि प्रवेश देतानाच फेलोशिप कोणत्या महिन्यापासून खात्यात येईल हे लेखी सांगावे. इथे अर्थसाहाय्याचा देकार लेखी येतो, त्यात रक्कम आणि कामाचे तास दिलेले असतात, आणि त्यावर विचार करायला विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत वेळ देण्याचे बहुतेक विद्यापीठांनी आपसांत मान्य केले आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी ज्या राज्यात विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावे लागले, तिथे इतका एक संकेत जरी रुजला तरी नोकरी सोडून संशोधनाला येऊ पाहणाऱ्या शिक्षिकेला घरच्यांशी बोलताना काही आधार मिळेल.