२५२० चा ‘चमत्कार’ आणि रामानुजन यांचं खरं काम

‘२५२० ही जगातली अद्भुत संख्या. १ ते १० या सगळ्या संख्यांनी तिला निःशेष भाग जातो. अशी संख्या असूच शकत नाही असं जगभरचे गणिती म्हणत होते, ती रामानुजन यांनी शोधली. रहस्य : ७ दिवस × ३० दिवस × १२ महिने = २५२०.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. भाग जातो हे खरं आहे. बाकीचं तपासून बघू.

असूच शकत नाही? १ ते १० यांचा सरळ गुणाकार करा : ३६,२८,८००. तिला दहाही संख्यांनी भाग जाणारच. प्रश्न उरतो तो अशी सर्वांत लहान संख्या कोणती एवढाच, आणि तिला आपण शाळेत लसावि म्हणतो. ५, ७, ८ आणि ९ यांचा गुणाकार पुरतो. ६ साठी लागणारे २ आणि ३, १० साठी लागणारे २ आणि ५ त्यात आलेलेच असतात. उत्तर २५२०. लसावि काढण्याची रीत युक्लिडने सिद्धतेसह देऊन ठेवली आहे, रामानुजन यांच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी.

एकमेवही नाही. ५०४०, ७५६०, २५२० ची कुठलीही पट घ्या. १ ते २० पर्यंत जायचं असेल तर २३,२७,९२,५६०.

दिवस-महिन्यांचं रहस्य तर वर्ष ३६० दिवसांचं धरलं तरच जमतं. ३६५ × ७ = २५५५, आणि तिला २ नेही भाग जात नाही, ३ नेही नाही.

मला खरा राग आहे तो रामानुजन यांच्या नावाचा. लसाविचं श्रेय देऊन आपण त्यांना मोठं करत नाही, त्यांचं काम झाकतो. १९१५ साली त्यांनी अतिसंयुक्त संख्यांवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, ती अतिसंयुक्त. २५२० तशी आहेच, तिचे विभाजक ४८. पण रामानुजन तिथे थांबले नाहीत. अशा संख्यांच्या मूळ अवयवांची घडण कशी असते, घातांक कसे उतरत जातात, हे त्यांनी सिद्ध केलं आणि १०२ संख्यांची यादी दिली. शेवटची ६७,४६,३२,८३,८८,८००, म्हणजे २^६ × ३^४ × ५^२ × ७^२ × ११ × १३ × १७ × १९ × २३. घातांकांत प्रत्येकी एक मिळवून गुणा : ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ × २, विभाजक १०,०८०. यंत्राविना केलेल्या या यादीतून एकच संख्या निसटली, २,९३,३१,८६,२५,६००. शेवटच्या संख्येला २३ ने भागलं की तीच मिळते.