चकली कुणाची, मत कुणाला

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल. कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

दिवाळी आणि 2024 ची अध्यक्षीय निवडणूक एकदमच तोंडावर आलीय, इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी चालू आहेत. सकाळी एकीचा मेसेज : "यंदा चकल्या वहिनींकडून घेऊ नका. त्यांच्या लॉनवरचा बोर्ड बघितलात ना?" त्याखाली 11 अंगठे. अकरा! या वहिनी गेली 14 वर्षं भाजणी घरी भाजून चकल्या करतायत. त्यांच्या चकलीला जो काटा येतो तो माझ्या सोऱ्यातून या जन्मी येणार नाही.

बोर्ड ट्रम्पचा, वेगळं सांगायला नको. मला तो बघवत नाही, तुम्हालाही बघवत नसणार. तो माणूस पुन्हा व्हाइट हाउसमध्ये नको, यावर आपल्यात वाद नाहीच. पण म्हणून चकली?

खरं तर मला पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनच्या आजींबद्दल लिहायचंय. दोन आठवडे झाले, त्या डोक्यातून जात नाहीत.

मी शनिवारी डेमोक्रॅट कमला हॅरिसबाईंच्या प्रचारासाठी दारं ठोठावायला जाते, माहीतच आहे तुम्हाला. फोनवर यादी येते : घर नंबर, नाव, वय, कुठल्या पक्षात नोंद. प्रशिक्षणात घोकून घेतात की उमेदवारावर भाषण नको, "मतदानाचा बेत" विचारा. किती वाजता जाणार, कसं जाणार, बरोबर कोण. मी हे विसरले. आजींनी दार उघडलं, वॉकरला धरून उभ्या राहिल्या, आणि मी सुरूच झाले. तो कसा आहे, काय बोलतो, काय करून ठेवेल, पाच मिनिटं नॉनस्टॉप. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मी टीव्हीवर दिवसभर ऐकते गं. मला तिथे नेणार कोण, ते सांग."

आजींचा नवरा वसंतात वारला. गाडी तोच चालवायचा. एकही निवडणूक चुकवली नाही म्हणाल्या. माझी गाडी समोरच उभी होती. मी म्हटलं, "नोंद करून घेते." आणि निघाले.

नोंद! सरकारी बाबूसारखी!

का निघाले तेही सांगते. दारामागच्या खुंटीवर ट्रम्पवाल्यांची ती लाल टोपी लटकत होती. नवऱ्याची असणार.

या टोप्या नि बोर्ड बघून आपण माणसं मोजायला लागलोय. रविवारी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या ट्रम्पच्या सभेत एका विनोदवीराने पोर्तो रिकोला कचऱ्याचं तरंगतं बेट म्हटलं. संताप आला. काल बायडनसाहेब बोलता बोलता असं काही बोलून गेले की समोरचे मतदारच कचरा, असा अर्थ निघाला. एका समर्थकाबद्दल (supporter's) बोलले की सगळ्यांबद्दल (supporters'), आता एवढ्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीवर कीस पाडणं चाललंय. आणि आज ट्रम्प महाशय विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेला नारिंगी जाकीट घालून कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसले. सहा दिवसांवर मतदान आलंय आणि देश कचऱ्यावर बोलतोय.

आपणही काही सोवळे नाही. जुलैत बटलरच्या सभेत गोळी ट्रम्पच्या कानाला लागून गेली, तेव्हा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "नेम चुकला." मी हसण्याचा इमोजी टाकला. हो, मीच. त्या सभेला आलेला एक माणूस तिथेच मेला होता. इमोजी नंतर काढला, पण टाकला होताच ना.

राग नसता तर लोक बाहेर पडले नसते, हे मान्य. 2020 ला 66 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, शंभर वर्षांत एवढं झालं नव्हतं, ते काही कुणाच्या प्रेमापोटी नव्हे. आणि हेही नाइलाजाने लिहिते : लेव्हिटाउनच्याच काउंटीत, डॉइल्सटाउनला, पोस्टल मतपत्रिकेसाठी रांगा लागल्या, लोकांना परत जावं लागलं, तेव्हा मुदत वाढवून मागायला कोर्टात समोरचेच गेले. आज ती शुक्रवारपर्यंत वाढवून मिळाली. फायदा आपल्याही लोकांना आहे. बास, यापेक्षा जास्त कौतुक माझ्याकडून होणार नाही.

तर आजी. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिला नेऊन सोडलंस तर एक मत तिकडे. पेनसिल्व्हेनिया 2016 ला 44 हजारांनी ट्रम्पकडे गेलं आणि 2020 ला 80 हजारांनी आपल्याकडे आलं. अध्यक्ष ठरवणारी 19 इलेक्टोरल मतं आहेत बाई, आणि तू त्यांचे मतदार वाहून नेतेस?" मला उत्तर सुचेना. मग आमच्या गावची जीप आठवली. निवडणुकीच्या दिवशी एका पार्टीच्या जीपमध्ये बसून अख्खी आळी जायची आणि शिक्का दुसऱ्याला मारून यायची. नियमात बसत नव्हतं, पण जायची. माझी आज्जी म्हणायची, "जीप त्यांची, बोट माझं." आता 20 नोव्हेंबरला तिकडे विधानसभा आहे, फॅमिली ग्रुपवर काका-आत्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तो विषय आज नको, नाहीतर पुन्हा भडकेन.

आणि आजी कुणाला मत देणार हे मला माहीत तरी कुठे आहे? यादीत त्यांची नोंद कुठल्याच पक्षात नाही. टोपी त्यांची नव्हती. असली तरी...

असली तरी मला राग येईलच. मी काही संत नाही.

दुपारी वहिनींना मेसेज केला, दोन किलो चकली. त्यांचं उत्तर आलं, "तुझ्या लॉनवरचा बोर्ड मला आवडत नाही, पण चकली देईन." मी लिहिलं, "मलाही तुमचा आवडत नाही." अकरा अंगठेवाल्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम ग्रुपवर टाकलं. दोन जणींनी ग्रुप सोडला. सोडा!

मग लेव्हिटाउनला गेले. मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, सकाळी 10 ला न्यायला येते म्हटलं. माझ्या बंपरवर हॅरिसबाईंचा स्टिकर आहे. काढावा का, असं गाडीत बसून दहा मिनिटं वाटत होतं. नाही काढणार. तेवढं आजींनी सोसावं.

त्यांनी स्टिकरकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या गाडीत चढायला उंच पडेल का गं मला?"