सेल्फ फिरतोय पण गाडी चालू होईना, म्हणून लगेच गाडीतला पेट्रोल पंप बदलायचा?

सगळ्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोय ना, 'जुनी गाडी सेल्फ मारते पण स्टार्ट होत नाही, म्हणजे १०० टक्के पेट्रोल पंप गेला. चावी ऑन करून गुं आवाज ऐका, नाही आला तर पंप बदला. अ‍ॅक्सिलरेटर पंप करत सेल्फ मारा, तरी नाही झाली तर धक्का मारा.' तीन वाक्यांत चार गडबडी.

पहिली म्हणजे आवाज. जुन्या कार्बुरेटरवाल्या (कार्बुरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मारुती ८०० मध्ये गुं करणारा इलेक्ट्रिक पंप नसतोच हो! तिथे मेकॅनिकल पंप आहे, इंजिनच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालणारा, इंजिन फिरलं तरच तो पेट्रोल ओढतो. मग आवाज येणार कुठून? आवाजाची टेस्ट एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीसाठी ठीक आहे, पण तिथेही आधी पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा, ते पंपापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

आता '१०० टक्के पंप'. थोडा वेळ सेल्फ मारून एक स्पार्क प्लग काढा. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, विषय करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा आहे. कोरडा असेल तर एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बुरेटरच्या तोंडात बघत हाताने अ‍ॅक्सिलरेटरची लिंक ओढा, आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्बुरेटरमध्ये पेट्रोल आहे (सिगरेट लांब ठेवा, सांगायला लागू नये पण सांगतो). पावसाळ्यात तर मी आधी डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) कॅपच उघडतो, आत दमट असते, कोरड्या फडक्याने पुसली की बऱ्याच गाड्या तिथेच बोलायला लागतात.

आणि कॅप उघडलीच आहे तर दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आतला फिरणारा रोटर बघा. हे मेसेजमध्ये कुठेच नाही आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं हेच आहे, कारण ८०० चा डिस्ट्रिब्युटर पण कॅमशाफ्टवरच फिरतो, म्हणजे टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) तुटला तर करंट आणि पेट्रोल दोन्ही एकदमच बंद, आणि तुम्ही बसा पंप बदलत. रोटर हलत नसेल तर सेल्फ मारणं तिथेच थांबवा. बेल्ट तुटल्यावर सेल्फचा आवाजही नेहमीपेक्षा हलका आणि एकसारखा येतो.

अ‍ॅक्सिलरेटर पंप करणं? कार्बुरेटरवाल्या गाडीत प्रत्येक दाबाला पेट्रोल आत जातं, प्लग ओले होतात, गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन पेटतच नाही. मग चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारा खटका) पूर्ण आत ढकला, पेडल तळापर्यंत एकदाच दाबून धरा आणि दहा सेकंदांच्या आत सेल्फ मारा, नंतर मोटरला जरा विश्रांती. एमपीएफआयमध्ये तर पंप करून काहीच होत नाही.

धक्क्याचं काय, तो बॅटरी किंवा सेल्फ कमजोर असेल तेव्हा. सेल्फ टकाटक फिरवतोय तर तुम्ही लोटून वेगळं काय करणार? हा, सेल्फ फिरतोय पण मरगळल्यासारखा, असं असेल तर सेल्फ मारताना बॅटरीवर मल्टीमीटर लावा, साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी आणि तिचे टर्मिनल आधी.